मधला अंक

मोती, ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली की टाळायची सवयच लागून गेली. तुझ्या दुकानात गादीवर बसून टाळली, तुझ्या घरी जेवताना टाळली, आणि शेवटी तुझ्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसलो तेव्हाही टाळली. परवा तुझ्या उठावण्याच्या शोकसभेला जाताना वाटलं, आता सुटलो. ज्याला सांगायचं तोच नाही, तर सांगायचं तरी काय उरलं?

पण तिथे भलतंच झालं. समाजाच्या वाडीतल्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या, तुझा फोटो चंदनाच्या हारात होता, आणि दोन-चार जणांचं बोलून झाल्यावर तुझा पंकज माझ्याजवळ येऊन वाकला. म्हणाला, "काका, ते दिल्लीचं सांगा ना. पप्पा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे." मी उठलो आणि सांगितलं. दिल्लीतली ती गल्ली, तो जिना, अभ्रक कॉमिक्सचा लेखक, त्याचा चष्मा, त्यानं माझ्यासाठी मागवलेला चहा. लोक डोळे पुसता पुसता हसले. मी खाली बसलो. तुझ्या फोटोसमोर, तुझ्या माणसांसमोर, मी ते पुन्हा एकदा केलं होतं.

म्हणून आता लिहितो. बोलून जमलं नाही, हे एव्हाना सिद्ध झालं आहे. हे दुसरेही वाचतील, तेव्हा थोडं मागून सुरू करावं लागेल. तुला सगळं पाठ आहे, तरी ऐकून घे.

शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर तुझ्या बाबूजींचं कापडाचं दुकान होतं आणि मी स्टँडवर कंट्रोलर होतो. माझ्या केबिनच्या खिडकीतून तुझी गादी दिसायची, तुझ्या गादीवरून माझी खिडकी. दोघंही तेव्हा तिशीत, दोघांचीही लग्नं झालेली. तू दुकानाच्या एका कोपऱ्यात दोरी बांधून तिच्यावर हिंदी कॉमिक्स लटकवायचास आणि भाड्यानं द्यायचास. बाबूजींना ते अजिबात आवडायचं नाही. ते म्हणायचे, कापडवाल्याच्या दुकानात उडणारी माणसं कशाला? तू म्हणायचास, त्यांनीही कपडेच घातलेत ना.

तुझी कॉमिक्स बिनकव्हरची असायची. शहरातल्या एजंटांकडे न खपलेल्या अंकांची फक्त कव्हरं फाडून कंपनीकडे परत जायची आणि उरलेला अंक रद्दीत निघायचा. ती रद्दी इंदूरहून एसटीच्या पार्सलनं यायची. तुझा गठ्ठा माझ्याच केबिनशेजारी उतरायचा आणि तू कापड मोजायचा गज हातात घेऊनच धावत यायचास. अंकाचा नंबर कव्हरवर असतो. कव्हर नाही म्हणजे नंबर नाही. कुठला अंक आधीचा, कुठला नंतरचा, हे कंपनीला माहीत. आपल्याला अक्कल लढवून शोधावं लागायचं.

आणि आपण शोधायचो. रविवारी दुपारी बाजार ओसरला की तुझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत अंक पसरायचे. मी सुट्टी असली तरी कोरीटला घरी जायचं सोडून तिथे बसायचो. आई शेजारणींना सांगायची, आमचा भिकन कापड शिकतो. सगळ्यांत जास्त अंक असायचे ते अभ्रकचे. अभ्रकाच्या खाणीत सापडलेला, अभ्रकासारख्या अंगाचा माणूस. ऊन अंगावर पडलं की त्याला हत्तीचं बळ, सूर्य मावळला की तो तुझ्या-माझ्यासारखाच. त्याला लहानाचा मोठा केला तो खाणीतल्या एका म्हाताऱ्या मुकादमानं. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे.

आपण खुणा धरायचो. इन्स्पेक्टरला मिशा आहेत की नाहीत. जीप हिरवी आहे की निळी. शाळेची भिंत पडलेली आहे की बांधून झाली. अभ्रकला माहीत असलेली गोष्ट त्याला कुठल्या अंकात पहिल्यांदा कळली. मी वेळ धरायचो, कारण माझं कामच ते. सकाळी खाणीत असलेला माणूस दुपारी समुद्रावर कसा पोचला, मधे किती अंतर, ऊन किती वाजेपर्यंत. तू वैतागायचास. म्हणायचास, "तुन्हं डोकं शे का टाइमटेबल?"

क्रम ठरला की तू अंक शिवायचास. बाबूजी दिवाळीला हिशेबाच्या चोपड्या जशा शिवायचे, तशाच. दाभणानं भोकं पाडून, पांढऱ्या दोऱ्यानं, वर लाल कापडाचा पुठ्ठा. शहाद्यात आणि आसपासच्या खेड्यांत ज्यांनी अभ्रक वाचला, त्यांनी तो लाल चोपडीत वाचला. एकदा विक्रीकराचा माणूस तपासणीला आला. त्यानं कपाटातून चोपडी ओढली, तर आत अभ्रक आगगाडीचा डबा डोक्यावर घेऊन उभा. बाबूजींचं तोंड पांढरं पडलं. साहेब मात्र चहा येईपर्यंत वाचत बसले आणि जाताना तुला विचारून गेले, पुढची चोपडी कोणती? तू ती त्यांना दिलीस. परत आली नाही ती.

हे आठवलं की अजून हसू येतं. त्यापुढचं आठवलं की दमायला होतं.

भांडण दोन अंकांवरून होतं. एका अंकात खाण कोसळते. उस्ताद आत. दगड हलवल्यावर फक्त त्याचा कंदील आणि फेटा सापडतो. अभ्रक दुःखानं खडकावर छाती आपटतो आणि त्याच्या छातीला तडा जातो. दुसऱ्या अंकात उस्ताद चांगला धडधाकट बसलाय, अभ्रकच्या गुडघ्याला पाला बांधतोय, आणि अभ्रकच्या छातीला तडा आहे. तडा गेला तो उस्ताद गेल्यावर. मग तडा गेल्यानंतर उस्ताद कुठून आला?

मी म्हणायचो, पाला बांधायचा अंक आधीचा. तडा चुकून काढलाय. दिवसभर मी डेपोत चुकाच बघायचो. नवापूरच्या गाडीला धडगावची पाटी, वेळापत्रकात नसलेली गाडी. माणसं चुकतात, चित्र काढणाराही चुकतो. उस्ताद खाणीत मेला, विषय संपला.

तुला ते पटायचं नाही. "कंपनीवाला येडा शेतस का? इतला मोठा तडा चुकून निंघस का?" मग बोट त्या कंदिलावर ठेवायचास. "मढं कोठे दखाडं? कंदील दखाडा, फेटा दखाडा. मढं नही दखाडं. उस्ताद मरना नही. मधला अंक आपले भेटना नही, इतलंच."

मढं दाखवलं नाही, म्हणजे उस्ताद मेला नाही, मधला अंक आपल्याला भेटला नाही. हे तुझं ठरलेलं उत्तर. जिथे म्हणून गोष्ट जुळत नाही, तिथे कोणी चुकलेलं नसतं, कोणी खोटं बोललेलं नसतं, फक्त मधला एक अंक आपल्यापर्यंत पोचलेला नसतो. मी हसायचो. गिऱ्हाइकंही दोन बाजूंनी भांडायची. साखर कारखान्यातला एक फिटर होता, जिभेचा तिखट. तो माझ्या बाजूनं. तुला म्हणायचा, शेठ, तुमच्या हिशेबानं तर जगात कोणी मरतच नाही.

तू त्याच्यावर चिडायचा नाहीस. मान वर करून स्टँडकडे बघायचास फक्त. ते मी तेव्हा पाहिलं होतं, पण त्यातून काही समजून घेतलं नव्हतं.

तुझा मोठा भाऊ रतनभाई बाबूजींशी भांडून घरातून गेला, त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. प्रकाशा गावच्या घाटावर त्याच्या चपला आणि पिशवी सापडली. तापीला पाणी होतं. बाकी काही सापडलं नाही. बाबूजींनी थोडे दिवस वाट पाहिली आणि उठावणा करून टाकला. त्या उठावण्याला तू बसला नाहीस, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कोणी म्हणायचं, रतनला सुरतेच्या बाजारात पाहिलं. कोणी म्हणायचं, तसाच दिसणारा दुसरा होता. तू मला एवढंच म्हणाला होतास की सुरतची गाडी लागली की भोंग्यावर जरा जोरात सांगत जा. मला वाटलं, तुझ्या मालाची पार्सलं असतील. माल ट्रान्सपोर्टनं यायचा, हे माहीत असून मला तसं वाटलं. गाडी आली की मी पुकारायचो, आणि खिडकीतून दिसायचं, तू कापड मोजता मोजता मान वर करून उतरणारी माणसं बघतोयस. शेवटचा माणूस उतरला की पुन्हा गज हातात.

मग मी दिल्लीला गेलो. म्हणजे बायको सुमन आणि सासू-सासऱ्यांना घेऊन हरिद्वारला गेलो, आणि परतताना दिल्लीत गाडी बदलायला अर्धा दिवस होता. जायच्या आधी तू मला कॉमिकच्या शेवटच्या पानावरचा कंपनीचा पत्ता पाठ करायला लावलास. प्रश्न एकच द्यायचा ठरला. दुसरं काही विचारू नको, वेळ नको घेऊ त्यांचा, फक्त विचार, उस्ताद मेला का? तुझ्यासाठी मी काही आणू का, असं मी विचारलं, तर म्हणालास, हेच आण.

गल्ली सापडली. छापखाने होते दोन्ही बाजूंना, शाईचा वास येत होता, हातगाडीवर गठ्ठे चढत होते. पाटी होती, जिना होता. जिन्याच्या तोंडाशी हातगाडीवाल्यानं मला अडवलं आणि सहज विचारलं, "किससे मिलना है? क्या काम है?" मी इस्त्रीचा शर्ट घातलेला, मिशा असलेला, नोकरीतला माणूस. त्याला काय सांगू? कॉमिकमधला म्हातारा मेला का हे विचारायला खानदेशातून आलोय? वरून कोणाच्या तरी हसण्याचा आवाज आला. माझ्यावर हसत नव्हते ते, पण मला तसं वाटलं. मी म्हणालो, "कुछ नहीं, गलत आ गया." वळलो. कोपऱ्यावर एक सरबत प्यायलो. ग्लास ठेवताना पुन्हा त्या पाटीकडे पाहिलं, आणि स्टेशनची वाट धरली.

हे असं झालं, मोती. एवढंच झालं. चष्मा नाही, चहा नाही, लेखक नाही.

येताना ठरवलं होतं, सांगायचं की ऑफिस बंद होतं. तेही खोटंच होतं, पण त्यानं कोणाचं काही गेलं नसतं. शहाद्याला उतरलो तर तू दुकानाबाहेर उभा. चहा आधीच सांगून ठेवलेला. गादीवर नेहमीची मंडळी, त्यात तो फिटर. मी पिशवी खाली ठेवायच्या आत तू विचारलंस, "काय सांगं त्यानी?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. फिटर हसला आणि म्हणाला, "गयाच नही व्हई तो."

खरं होतं ते, म्हणून झोंबलं. मी म्हणालो, "भेटला ना." आणि एकदा भेटला म्हटल्यावर तो काहीतरी बोललाही पाहिजे. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी माझीच बाजू सांगितली. उस्ताद खाणीतच मेला. तडा चित्रकाराकडून चुकून निघाला, लेखकाला स्वतःला वाईट वाटतंय त्याचं. चष्मा पुसत पुसत सांगितलं त्यानं, असंही जोडलं. फिटरनं माझ्या पाठीवर थाप मारली.

तू कात्री उचलून पुन्हा खाली ठेवलीस. मग म्हणालास, "मंग आसं शे."

मला वाटलं होतं तू भांडशील. कुठला लेखक, कसा दिसत होता, शपथ घे, असं काहीतरी. तू भांडला असतास तर मी त्याच दिवशी कबूल केलं असतं, असं मी स्वतःला फार वेळा सांगितलं आहे. खरं असेलच असं नाही. पण तुझ्या हिशेबात लिहिणाऱ्याच्या शब्दापुढे वाद नव्हता. पुढच्या रविवारी तू अभ्रकच्या सगळ्या चोपड्या काढल्यास, दोरे कापलेस, अंक सुटे केलेस आणि माझ्या क्रमानं पुन्हा शिवलेस. दोऱ्याचं दुसरं टोक मी धरून बसलो होतो.

त्यानंतर आपले रविवार शांत झाले. गठ्ठे येत होते, अंक पसरत होते. पण तू आता अंक हातात घेऊन विचारायचास, "कंट्रोलर, हाई कोठे लावू?" साहेबाला विचारावं तसं. मी सांगेन तिथे लावायचास. भांडण जिंकून मी काय मिळवलं तर भांडायला माणूस उरला नाही. आणि सुरतची गाडी लागल्यावर तुझी मान वर येईनाशी झाली. हेही मी खिडकीतून पाहिलं. वाटलं, कंटाळला असेल.

वर्षं गेली. टीव्ही आला, कॉमिक्सची दोरी निघाली, बाबूजी गेले, मी रिटायर झालो, स्टँड नवा बांधला. राहिली ती दिल्लीची गोष्ट. कोणी पाहुणा आला की तू मला हाक मारायचास. "आखो एक डाव सांग." मी पुन्हा एकदा सांगायचो आणि दर वेळी काहीतरी वेगळं सांगून बसायचो. खोट्याची उजळणी करावी लागते, ती मी कधी केली नाही. आणि तू तर जीप हिरवी की निळी हे धरून ठेवणारा माणूस. तुझ्यापासून काय सुटणार? एकदा म्हणालास, मागच्या वेळी चष्मा होता, या वेळी नाही. मी काही बोलायच्या आत तूच म्हणालास, वाचायचा चष्मा असेल, बोलताना काढून ठेवला असेल. दुसऱ्यांदा चहाचं सरबत झालं. तू म्हणालास, आधी सरबत, मग चहा, मोठी माणसं असंच करतात. माझ्या गोष्टीला जिथे जिथे भोक पडायचं, तिथे तूच टाका घालायचास.

मग पंकजनं सुरतेहून ते जाड पुस्तक आणलं. अभ्रकचे सगळे जुने अंक, क्रमानं, कव्हरांसकट. तुझं वय तेव्हा साठीच्या पुढे, आणि आयुष्यात पहिल्यांदा तू अभ्रकची कव्हरं बघत होतास. एकेका कव्हरावर हात फिरवत होतास. असा लाल होता होय, म्हणत होतास. मी समोर बसलो होतो. पानं उलटत तू खाण कोसळायच्या अंकाशी आलास. त्याच्या पुढे एक अंक होता, आपण दोघांनीही कधी न पाहिलेला. त्यात उस्ताद सापडतो. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला खाणीचं दुसरं तोंड असतं, तिथल्या मेंढपाळांनी त्याला वाचवलेलं असतं. आणि त्याच्या पुढे पाला बांधायचा अंक. तुझाच क्रम. अगदी तू पहिल्यांदा शिवला होतास तसा.

तू तो अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलास. घाई केली नाहीस. मी ठरवलं होतं, मान वर केलीस की सांगायचं. जिन्यापासून सगळं.

तू मान वर केलीस आणि म्हणालास, "हाई कंपनीनी मांगून घुसाडेल शे, कंट्रोलर. उस्ताद लोकेसले आवडे, म्हनीसन त्याले जित्ता करा. तुले तर त्यानी तोंडवर सांगेल शे."

मी त्या पानांकडे पाहिलं. तेच जुनं चित्र, तोच हात, तीच इन्स्पेक्टरची मिशी. मागाहून घुसवलेलं काही नव्हतं, हे मलासुद्धा दिसत होतं. तुला दिसलं नसेल? छापलेल्या पुस्तकाला तू खोटं ठरवलंस, कारण मी खोटं बोललो असेन हे तुझ्या तर्कात बसत नव्हतं. आणि मी म्हणालो, "व्हई. आसंच व्हई." मग तुझ्या बायकोनं, म्हणजे भाभींनी, ताटं वाढली आणि आपण जेवलो.

भाभींनीच परवा उरलेलं सांगितलं. उठावणा आटोपल्यावर बायकांच्या बाजूनं निरोप आला म्हणून गेलो. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमचे उपकार आहेत आमच्यावर." मला कळेना कसले. त्या म्हणाल्या, "तुम्ही दिल्लीहून आलात ना, त्याच्या पुढच्याच आठवड्यात यांनी जेठजींच्या, मोठ्या भावाच्या, फोटोला हार घातला. तोवर कोणाला घालू दिला नव्हता. म्हणाले, मढं दाखवलं नाही म्हणजे माणूस जिवंत असतो असं नाही, लिहिणाऱ्यानंच सांगितलं. त्यानंतर यांना झोप लागायला लागली."

मी हात जोडले आणि निघालो. वाडीच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसलो. चप्पल सापडत नाही असं दाखवत.

मढं कोठे दखाडं. हे वाक्य मी तुझ्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, आणि उस्तादबद्दलच आहे असं समजून त्यावर हसलो. प्रकाशाचा घाट मला माहीत होता, चपला माहीत होत्या, सुरतची गाडी तर मीच पुकारत होतो. सगळ्या खुणा माझ्यासमोर पसरलेल्या होत्या आणि मी जीपचा रंग बघत बसलो. तू मला दिल्लीला कोणता प्रश्न देऊन पाठवलं होतंस, ते मला तू गेल्यानंतर कळलं.

भाभींच्या म्हणण्यानं मी तुझं भलं केलं. असेलही. रतनभाई काही परत आले नाहीत. तुला झोप लागली हे ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते मी तुझ्यासाठी केलं नव्हतं, मोती. एक फिटर हसला म्हणून केलं. वाट बघायची की सोडून द्यायची, हे तू ठरवायचं होतंस. ते मी ठरवलं, तेही न कळता, हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत. आणि तू मला त्याबद्दल जन्मभर चहा पाजलास.

आता आपली शेवटची दुपार. तुला दम लागत होता, दोन शब्दांनंतर थांबावं लागत होतं. पंकज औषधं आणायला गेला होता, भाभी आत होत्या. तू डोळे मिटूनच म्हणालास, "आखो एक डाव सांग." मी सुरुवात केली. गल्ली, छापखाने, शाईचा वास. मी थकलो होतो, तुझ्या श्वासाकडे लक्ष होतं, आणि तोंडातून काय जातंय याकडे नव्हतं. हातगाडीवाला आला गोष्टीत. किससे मिलना है, आलं. गलत आ गया, हेही आलं.

तू डोळे उघडलेस. "हाई नवं शे."

मी तुझं पांघरूण सारखं केलं.

"मंग?" तू विचारलंस. "जिना चढना का नही?"

खिडकीतून ऊन तुझ्या पांघरुणावर आलं होतं. तू थांबलास. घाई नव्हती तुला. कॉमिकचं पान उलटायच्या आधी थांबायचास तसा थांबलास. मला एवढंच म्हणायचं होतं की नाही, नाही चढलो. ते म्हणालो असतो तरी तू काय केलं असतंस? शिवी दिली असतीस फार तर.

मग तूच माझ्या हातावर हात ठेवलास आणि म्हणालास, "ऱ्हाऊ दे. मधला अंक माले भेटना नही, इतलंच."

बाहेर पंकजची मोटरसायकल वाजली. मी उठलो. उद्या येतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी कपडे करत होतो तेव्हाच त्याचा फोन आला.

तुला कळलं होतं का? कधीपासून? चष्म्याच्या वेळेपासून, की त्या जाड पुस्तकापासून? की शेवटपर्यंत नाहीच? मी तुझ्यासारखा खुणा जुळवत बसलोय आणि माझं काही जुळत नाही. कळलं असेल तर तू इतकी वर्षं माझी अब्रू राखलीस. कळलं नसेल तर तू माझ्यावर विश्वास ठेवून गेलास. दोन्हींपैकी कशानं मला जास्त त्रास व्हावा, तेही ठरत नाही.

तर मोती, हा तुझा मधला अंक. उशिरा आला, बिनकव्हरचाच आला. कुठे लावायचा ते तू बघ, मी सांगणार नाही.

मी तो जिना चढनूच नही, मोती. तुले खोटं सांगं. तू बरोबर व्हता. माले माफ कर.